रापीचा उतार

बायको गेल्यावर तिची रापी तिच्या धाकट्या बहिणीकडे गेली, आणि काही महिन्यांनी ती तिच्या हातून पडून मोडली.

रापी म्हणजे चामडं कापायचं, तासायचं पातं. पुढे छिन्नीसारखी रुंद धार आणि मागे मूठ. फरशीवर टोकावर पडली आणि धारेचा एक कोपरा उडाला. धाकटीने ती फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणली. आम्ही घरात तिला धाकटीच म्हणतो, आता तिचे केस पिकले तरी. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊजी, ताईची रापी मोडली." मी म्हणालो, लोखंड आहे, मोडायचंच. ती आत आली, चहा प्यायली, कप विसळून ठेवला आणि गेली. मग मी ते फडकं उघडलं.

दोघी बहिणी एकाच बॅगांच्या कारखान्यात होत्या. कारखाना म्हणजे एक लांब खोली, खिडकीखाली टेबलं, आणि खळीचा वास. धाकटी शिलाईला होती. आमची ही कडा तासायला. बॅगेचं चामडं जाड असतं. कड दुमडून शिवायची तर आधी ती पातळ करावी लागते. कमी तासली तर दुमड फुगते आणि सुई मोडते. जास्त तासली तर कड फाटते आणि आख्खा तुकडा वाया जातो. दगडाच्या लादीवर चामडं ठेवायचं आणि रापी पुढे सारत न्यायची. ही हे काम गप्पा मारत करायची. तिच्या जागेवर मालकिणीने धाकटीला बसवलं, कारण बहिणीशेजारी बसून तिचाही हात थोडाफार बसला होता. पण मालकीण स्पष्ट बोलणारी बाई. तिने सांगून ठेवलं होतं की कडा पहिल्यासारख्या आल्या तर जागा तुझी, नाहीतर मी कडा तासायचं यंत्र आणते. शिलाईच्या तिच्या जागेवर तोवर दुसरी बाई आली होती. म्हणजे ही जागा गेली तर धाकटीला परत जायला जागा नव्हती, आणि तिचं घर तिच्यावरच चालतं.

बाजारातली रापी तिने आणून पाहिली. दुपारपर्यंत बोथट व्हायची. मग मी म्हटलं, मी करतो. मी जन्मभर फिटर होतो, आणि हिच्या रापीला दर आठवड्याला दगडावर धार मीच लावायचो. जुन्या कानशी माझ्याकडे भरपूर. कानशीचं पोलाद कडक असतं, त्याची धार टिकते. पण ते कडक म्हणूनच हाताने घासायला गेलं तर माणूस थकतो, ते थकत नाही. चाकाच्या ग्राइंडरवर धरून पाहिलं तर टोक तापून निळं पडलं. निळं पडलं की पोलाद नरम झालं. ते फेकायचं.

तेव्हा सूतभरला बोलावलं.

सूतभर माझा जुना सोबती, लेथवर काम करायचा. कामाचं कितीही विचारा, "सूतभर राहिलंय" म्हणायचा, म्हणून ते नाव पडलं. ते आता त्याची बायकोसुद्धा वापरते. त्याने निळं टोक पाहिलं आणि म्हणाला, तुला बेल्ट ग्राइंडर पाहिजे. लोक घरी बनवतात, मोबाईलवर दाखवतात. एमरीचा, म्हणजे पॉलिश पेपरसारखा खरखरीत, लांब पट्टा तीन चाकांवरून फिरतो. पट्टा लांब असल्यामुळे गार होत राहतो, आणि मागे सपाट पोलादी पट्टी असली की घासलेलं सरळ येतं. विकत घ्यायचं काही कारण नाही, आपण दोघे आहोत. मी म्हणालो, आपण दोघे मिळून एक धड माणूस होतो. त्याचा गुडघा गेलेला आणि माझा खांदा.

मोटर त्याने एका बंद पडलेल्या बेकरीतून आणली. कणीक मळायच्या यंत्राची होती. पहिल्यांदा चालू केली तेव्हा तिच्या फटींतून पिठाचा लोट निघाला आणि आम्ही दोघे पांढरे झालो. मागच्या खोलीत, जिथे ही कपडे वाळत घालायची, तिथेच आम्ही बाक मांडला होता. सूतभर भुवया पुसत म्हणाला, "वहिनी असत्या तर मोटरीसकट आपल्याला बाहेर काढलं असतं."

"मोटर ठेवून घेतली असती," मी म्हणालो. "आपल्याला काढलं असतं."

चौकोनी पाइप कापून सांगाडा जोडला. चाकं प्लायवूडची, थरावर थर चिकटवून सूतभरने लेथवर उतरवून आणली. वरचं चाक एका हलत्या दांड्यावर बसवून त्याला स्प्रिंग लावली, म्हणजे पट्टा ताणलेला राहील. पट्टा चढवला आणि मोटर चालू केली, तर पट्टा चाकावरून घसरून थेट भिंतीवर. पुन्हा चढवला, पुन्हा भिंतीवर. शेजारच्या बाईने काय चाललंय म्हणून विचारलंसुद्धा. मी चाकाच्या दोन्ही कडांना काठ करायला निघालो होतो, म्हणजे पट्टा अडेल. सूतभरने डोक्याला हात लावला. म्हणाला, काठ केलास तर पट्टा काठावर चढून फाटेल. पट्टा नेहमी चाकाच्या उंच भागाकडे जातो. तेव्हा वरच्या चाकाला मध्ये किंचित फुगवटा द्यायचा, की तो आपला आपण मध्ये येऊन बसतो. तसं केलं, आणि तो बसला. मग आम्ही काही न घासता नुसतं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. चांगलं चालणारं यंत्र बघायला मला अजून आवडतं.

आता रापीचा आकार. मोडकी रापी आम्ही कागदावर ठेवून आखली. उडालेला कोपरा सोडला तरी धार कशी होती ते कळत होतं. ती आडवी सरळ नव्हती. एका बाजूने पुढे आणि दुसऱ्या बाजूला मागे उतरत गेलेली, तिरकी. मी इतकी वर्षं तिला त्याच उतारावर धार लावत आलो होतो, त्यामुळे रापी अशीच असते असं मी धरून चाललो होतो. सूतभर तर त्या उतारावर खूशच झाला. म्हणाला, यात काहीतरी हिशेब असणार, जुने लोक वेडे नव्हते. त्याने कोन मोजला, आणि पट्ट्यासमोर रापी टेकवायचा जो टेकू होता त्यावर एक लोखंडी पट्टी बरोबर त्याच कोनात वेल्ड करून टाकली. पातं त्या पट्टीला चिकटवून पुढे ढकललं की धारेला नेमका हिच्या रापीचा उतार यायचा. चुकायचं म्हटलं तरी चुकायचं नाही. मी त्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि मला बरं वाटलं. हिचं काहीतरी घरात पक्कं बसवल्यासारखं झालं.

पहिली कानस मी घाई करून तापवली. दुसरी जमली. दर घासणीला पाण्यात बुडवायची, बोटाला चटका बसण्याआधी. मूठ जुन्या रापीचीच काढून लावली. धाकटीला फोन केला. ती आली, रापी उजेडात धरून पाहिली, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली. "छान झालीय भाऊजी," म्हणाली. "अगदी ताईचीच." आणि पिशवीत घालून घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात ती भाजी घेताना भेटली तर तिच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. विचारलं तर म्हणाली, बादली उचलताना लचकलं. मग दोन दिवसांनी मालकिणीचा फोन आला. काका, रापी दिसायला सुरेख आहे, पण कडा फाटतायत. मी बोलले तर ती म्हणते मीच चुकते, रापीत काही नाही. मोठं काम हातात घेतलंय, मला थांबता येणार नाही. यंत्रवाला पुढच्या आठवड्यात दाखवायला येतोय. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं, एवढंच.

मी सूतभरकडे गेलो. आमच्या दोघांचंही एकच मत पडलं, की नक्कल पुरेशी बरोबर झाली नसणार. त्याने व्हर्नियर काढला. जाडी मोजली, रुंदी मोजली, आणि धारेमागचा ढाळ केसाएवढा कमी असल्याचा शोध लावला. आम्ही तिसरी रापी केली. असं काम आम्ही नोकरीत असतानासुद्धा केलं नव्हतं. जुनी आणि नवी पाठीला पाठ लावून धरली तर मध्ये उजेड दिसत नव्हता. सूतभर म्हणाला, आता वहिनींनीसुद्धा ओळखली नसती.

धाकटीने ती घेतली. "छान झालीय," म्हणाली.

या वेळी मला तिचं ते "छान" आवडलं नाही. कशात काय आवडलं नाही हे सांगता आलं नसतं. माझ्या लेकीला फोनवर तसं बोललो तर ती म्हणाली, बाबा, मावशी तुम्हाला वाईट म्हणणार आहे का कधी? तुम्ही जाऊन बघा ना. मी म्हणालो, बघतो. ही गेल्यापासून मी त्या कारखान्याच्या रस्त्यानेही गेलो नव्हतो. लेकीला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मालकिणीने स्टूल दिलं. मी कोपऱ्यात बसलो, चामड्याच्या गुंडाळ्यांजवळ, धाकटीच्या पाठीमागे थोडा बाजूला. मी आलोय हे तिला कळलं नव्हतं. यंत्रांच्या आवाजात कळतही नाही.

ती हिच्याच जागेवर बसली होती, खिडकीकडे तोंड करून. लादीवर चामडं पसरलेलं होतं. तिने रापी धरली, आणि सारायच्या आधी मनगट बाहेरच्या बाजूला वळवलं, कोपर अंगाला चिकटवलं, खांदा जरा खाली टाकला. मग रापी पुढे नेली.

ते मनगट मी हजारदा पाहिलेलं होतं. ती बसण्याची तऱ्हा हिची होती, जशीच्या तशी. मागून पाहिलं तर क्षणभर फरक कळत नव्हता. मी तसाच बसून राहिलो. मला ते बघत राहावंसं वाटत होतं, हे खरं आहे.

मग रापीचा पुढचा कोपरा चामड्यात रुतला आणि कड फाटली. धाकटीने इकडे तिकडे पाहिलं आणि तो तुकडा मांडीखाली सारला. दुसरा घेतला. पुन्हा मनगट वळवलं. या वेळी अर्ध्यापर्यंत नीट गेली, मग थांबून तिने हात झटकला आणि मनगट दाबत बसली.

मी उठून तिच्याजवळ गेलो. ती दचकली आणि मांडीखालचे तुकडे अजूनच आत सरकवायला लागली. मी विचारलं, हात असा का वळवतेस. ती म्हणाली, रापी तशीच चालते, सरळ सारली की कोपरा रुततो.

"ताईची मोडली तोवर मी तीही अशीच रेटत होते. ताईची अशीच चालायची ना?" तिने विचारलं.

तेव्हा मला हिचं प्लास्टर आठवलं. लेक शाळेत होती तेव्हा ही अंगणात घसरून मनगटावर पडली होती. हाड जुळलं, पण जरा बाहेर वळून जुळलं. त्यानंतर ती कामावर परत गेली आणि त्याच वाकड्या हाताने रापी चालवायला लागली. रापी जशी चालेल तशी एका बाजूला जास्त झिजत गेली. आणि दर आठवड्याला मी ती दगडावर घ्यायचो आणि जसा उतार असेल तशीच धार लावायचो. विकत आणली तेव्हा ती सरळ होती. सगळ्या रापींसारखी सरळ, आणि मी ते विसरूनच गेलो होतो. तो उतार कुणा जुन्या माणसाच्या हिशेबाने आलेला नव्हता. तो हिच्या मनगटाचा होता, आणि आम्ही दोन शहाण्यांनी तो व्हर्नियर लावून मोजला होता.

मी धाकटीला हे सांगितलं. तिने रापी उलटसुलट करून पाहिली.

"मग हात दुखतो हे मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणालो.

"काय सांगू? तुम्ही एवढं मन लावून ताईची रापी करत होतात." मग तिने रापी लादीवर ठेवली. "भाऊजी, ताईचा हात माझ्याकडे नाही. मी आणू कुठून? मला माझ्या हाताची करून द्या."

एवढं बोलून ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. तिने मांडीखालचे फाटके तुकडे काढून टेबलावर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

घरी येऊन मी मागच्या खोलीत गेलो आणि टेकूवरच्या त्या तिरक्या पट्टीसमोर बसलो. हिचं हाताने केलेलं घरात पुष्कळ आहे. पण तिचा हात कसा वळलेला होता हे दाखवणारं हेच काय ते उरलं होतं. मनात आलं, हे राहू द्यावं आणि धाकटीसाठी दुसरा टेकू करावा. पाइप उरला होता. पण दुसरा टेकू बसवायला बाकावर जागा एकच होती, पट्ट्यासमोरची. हा काढून कपाटात ठेवला असता तर मी रोज कपाट उघडलं असतं.

मी हॅक्सॉ घेतली आणि वेल्डिंग कापायला लागलो. सूतभरचं वेल्डिंग भक्कम असतं. पाती दोन तुटली. तो आला तेव्हा मी घामाने भिजलो होतो आणि पट्टी अर्धी सुटली होती. तो आधी भडकला. इतकं चांगलं काम जन्मात एकदा होतं आणि तू ते करवतीने कापतोस, म्हणाला. मग मी त्याला प्लास्टरचं सांगितलं. तो बाकावर बसला. अर्ध्या सुटलेल्या पट्टीवरून त्याने बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी वहिनींच्या मोडलेल्या हाडाचा कोन काढला."

"हो."

"बरोबर काढला पण," तो म्हणाला, आणि माझ्या हातातून हॅक्सॉ घेतली.

या वेळी आम्ही पट्टी वेल्ड केली नाही. टेकूत एक गोल खाच कापली आणि पट्टी बोल्टवर बसवली, म्हणजे बोल्ट सैल केला की हवी तशी फिरेल आणि आवळला की तिथे राहील.

सुट्टीच्या दिवशी धाकटी आली. येताना चामड्याचे तुकडे आणि कारखान्यातली एक छोटी लादी घेऊन आली. ती आणताना खांदा निखळला असं म्हणाली. मी तिला बाकाजवळ बसवलं आणि आधी नुसता हात सारायला सांगितला, रापी न घेता. तिला हसू आलं. सूतभर म्हणाला, लाजू नकोस, आम्ही डॉक्टर आहोत. तिचा हात खांद्यातून सरळ जात होता, मनगट न हलता, शिलाई यंत्रावर कापड सारत आलेल्या बाईसारखा. मी पट्टी सरळ केली, बोल्ट आवळला, नवी कानस टेकवली आणि मोटर चालू केली.

तिने तासून पाहिलं. बरं आहे म्हणाली, पण जड वाटते. मी पाठीमागून पातळ केली. मग मूठ जाड वाटायला लागली. ती हिच्या हाताची होती, आणि हिचा पंजा मोठा. मी मूठ पट्ट्यावर धरली, लाकडाचा धूर निघाला, आणि तिला दिली. मग म्हणाली, धार एका बाजूला अगदी जराशी मागे पाहिजे. कुठल्या बाजूला म्हणून विचारलं तर तिने जी बाजू दाखवली ती हिच्या उलट होती. मी बोल्ट सैल केला.

"मी काही ताईसारखी समजूतदार नाही हं," ती म्हणाली. "आता सवय लागली तर बोलतच राहीन."

मी म्हणालो, बोल.

दुपार उलटून गेली तेव्हा तिने एक लांब तुकडा घेतला आणि रापी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता नेली. तासलेली पट्टी कागदासारखी सुटून लादीवरून खाली लोंबायला लागली. तिने कड दोन बोटांत दुमडून पाहिली आणि सूतभरच्या हातात दिली. मनगटाकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती बसली होती धाकटीसारखी, पाठ ताठ, हनुवटी पुढे. मला तिच्यात आणखी कुणी दिसलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

यंत्रवाला ठरल्या दिवशी आला आणि मालकिणीने त्याला यंत्र दाखवू दिलं. मग धाकटीच्या कडा त्याच्यासमोर ठेवल्या आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून त्याला चहा पाजला. हे मला मालकिणीनेच सांगितलं. धाकटीचं नाव आता टेबलावर खडूने लिहिलंय, हेही.

त्यानंतर मालकिणीने एक पिशवी पाठवली. कारखान्यातल्या सगळ्यांच्या जुन्या रापी, सुऱ्या, कातऱ्यांची पाती. निरोप असा होता की काका, या बघून अशाच नव्या करून द्या. मी पिशवी उघडली. एक मध्ये खोलगट झिजलेली, एक टोकाला गोल झालेली, एकीची मूठ दातांनी चावल्यासारखी. सूतभरने सवयीने व्हर्नियर काढला होता.

मी पिशवी बांधून परत पाठवली. सांगितलं, हत्यारं नकोत, माणसं पाठवा.

पहिला आला तो खळ लावणारा, तिरसट माणूस. माझी रापी तिथे असताना मला कशाला बोलावता म्हणून आल्या आल्या कुरकुरला. मी त्याला स्टूल दिलं, चामड्याचा तुकडा लादीवर ठेवला आणि म्हणालो, रापी राहू द्या. आधी हात दाखवा.